सुगडाची चाचणी

माणूस मातीतून येतो आणि शेवटी मातीतच जातो. मधल्या काळात त्याने शनिवारी दुपारी तीन वाजता सिंगापूरच्या जुरोंग ईस्टला हजर राहायचं असतं आणि टॉवेल घरून आणायचा असतो.

शामकांत पाटकर, जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर, टॉवेल विसरले होते.

सून चैतालीने त्यांचं नाव हाताने मातीची भांडी घडवण्याच्या या वर्गात घातलं, कारण घरातला एकही पंखा त्यांनी उघडून पाहिल्याशिवाय सोडला नव्हता. "बाबा, तिथे काही खोलायचं नाही हं. फक्त बनवायचं," तिने बजावलं होतं.

"काका, हे काय?" शेजारच्या एकताने विचारलं. पुण्याची पोरगी, कॉफीचा मग करत होती आणि मगाचा कान तिसऱ्यांदा गळून पडला होता.

"सुगड."

"संक्रांतीचं? अय्या! आम्ही इथे पेपर कप वापरतो."

"आमची मंडळी दह्याचे प्लास्टिकचे डबे वापरायची. लाल दोरा गुंडाळून."

सव्वीस संक्रांती त्यांच्या पत्नीने, जयवंतीबाईंनी, त्या डब्यांत गाजर, ऊस, हरभरे भरून पुजल्या. शामकांतराव कुठल्या तरी समुद्रावर असायचे. "या खेपेला मातीची सुगडं आणा हो," ती फोनवर सांगायची. त्यांनी जपानहून राइस कुकर आणला, जर्मनीहून सुऱ्या आणल्या. एकदा तर म्हणाले, "आत गाजरच ना? मग डब्याला काय झालं?" त्या वर्षीही तिने डब्यालाच दोरा गुंडाळला. आता तिला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि येत्या जानेवारीत चैताली पहिल्यांदाच संक्रांत पुजणार होती. वर्ग एकाच दुपारचा. सुगड झालं तर आज, नाहीतर पुन्हा दह्याचा डबा.

अंगठा खुपसून, चिमटीत माती दाबत त्यांनी दीड तासात सुगड उभं केलं. भिंत सगळीकडून सारखी. गळा नेमका गोल. शिकवणाऱ्या मिस लिमने इतर विद्यार्थ्यांना बोलावून दाखवलं, "सी, अंकल सो स्टेडी!"

इथेच घात झाला. चाळीस वर्षांत त्यांनी कुठलीही टाकी पाणी भरून तपासल्याशिवाय पास केली नव्हती. त्यांनी सुगड काठोकाठ भरलं, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि दहा मिनिटं मोजायला बसले.

सातव्या मिनिटाला सुगड खाली बसलं. अक्षरशः.

"अंकल, व्हाय पोर वॉटर? नॉट बेक्ड येट लाह!"

"लीक टेस्ट," शामकांतराव म्हणाले. आवाजात अपघाताच्या चौकशीला सामोरं जाणाऱ्या अधिकाऱ्याचा थंडपणा होता.

"काका, वीस मिनिटं उरलीत," एकता म्हणाली. तिने आपल्या मातीतला अर्धा गोळा तोडून त्यांच्यापुढे ठेवला. "घ्या. माझा मग बिनकानाचा राहू दे. कानाचं आणि माझं जमत नाही."

या वेळी त्यांनी काहीच मोजलं नाही. अंगठा जाईल तिथे जाऊ दिला.

"वाकडं झालंय हो," एकता म्हणाली.

"बाजारात कुठलं सरळ असतं?"

भट्टीत कुणाचं काय ते कळावं म्हणून प्रत्येकाने भांड्याच्या बुडाशी आपलं नाव कोरायचं होतं. शामकांतरावांनी सुगड अलगद पालथं करून काडीने चार अक्षरं कोरली, ते दोन्ही हातांत उचललं आणि मिस लिमपुढे धरलं.

"दिस युवर नेम, अंकल?"

"नो. माय मिसेस."

मिस लिमने मान हलवली आणि ट्रेमध्ये जागा करू लागली. शामकांतराव सुगड ओंजळीत धरून उभे राहिले. खाली ठेवायची त्यांना घाई नव्हती. चष्मा धुरकट झाला होता.

"काका?" एकताने हळूच विचारलं. "बरं वाटतंय ना?"

"एकदम." त्यांनी घसा खाकरला. "हात गुंतलेत गं. जरा नाक खाजव बघू माझं. डावीकडून."