ताहेराच्या टाळूची पट्टी

नाक मुरडू नका, मित्रांनो, पण माझं उभं आयुष्य एका मुलीच्या तोंडात गेलं. मी तांबड्या टणक रबराची एक जुनी टाळपट्टी, म्हणजे तोंडात टाळूला बसवायची पट्टी. दिसायला म्हणाल तर खेकड्यासारखी, मधे पाठ आणि कडेला तारांच्या नांग्या. पण माझ्या मापाची वस्तू अख्ख्या नाशकात दुसरी नव्हती, हे मी तोऱ्यात सांगते!

सन १९३६ ची गोष्ट. इसाक विणकराची ताहेरा तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्मतःच तिचा ओठ आणि टाळू दुभंगलेले. ओठ तान्हेपणीच मुंबईच्या इस्पितळात शिवला होता, टाळूचं भोक मात्र तसंच राहिलं. पाणी प्यायली की ते नाकातून यायचं, बोलली की शब्दही नाकातूनच. वरचा जबडा अरुंद, दात आत वळलेले. गल्लीतली पोरं तिची नक्कल करत, म्हणून पोरीनं बोलणंच सोडलं होतं. काही विचारलं की नुसती मान हलवायची.

दातांच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडाचा साचा घेतला आणि रबर वाफेवर कडक करून मला घडवलं. तिची आई सलिमा शेजारीच बसली होती. डॉक्टर तिला म्हणाले, "ही भोक झाकेल आणि तारांनी दात हळूहळू बाहेर ढकलेल. जबडा रुंदावला की खाणं-बोलणं सुधारेल. फक्त धुवायला काढायची. एरवी तोंडात म्हणजे तोंडात!"

सुरुवातीला आमचं मुळीच जमलं नाही. मी टोचायचे, ती रडायची. मला काय हौस होती? पण ढकलणं हेच माझं काम. हळूहळू दात हलले, आणि एक दिवस तिनं "अब्बा" अशी हाक मारली. इतकी स्वच्छ, की इसाकनं माग थांबवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता!

मग रमजान आला. ताहेराच्या मनानं घेतलं, आपणही रोजे धरायचे आणि दुआ मागायची, म्हणजे तोंड लवकर नीट होईल. पण रोज्यात तोंडात काही चालत नाही असं तिला वाटलं, आणि मी तर तोंडातच! तिनं मला गुपचूप काढून पेटीत ठेवलं. संध्याकाळी रोजा सोडला की बसवायची, पण तोवर दात मागे सरकलेले. मी इतकी रुतायचे, की शेवटी तिनं तेही सोडलं. पोर गप्प आहे ती उपासानं, असं घरच्यांना वाटलं. मी पेटीत नुसती तळमळत होते. अगं वेडे, दात परत फिरताहेत, बाहेर काढ मला!

ईदच्या सकाळी तिनं मला हौसेनं हातात घेतलं. मी बसेचना. रडू ऐकून सलिमा धावत आली आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"पट्टी काढून ठेवली होतीस?" डॉक्टरांनी विचारलं. ताहेरानं मान खाली घातली. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग ती नाकातून, अडखळत, सगळं सांगून मोकळी झाली.

"अगं, एवढ्याशा लेकरावर रोजा फर्ज नाही, सक्तीचा नाही," सलिमानं कपाळाला हात लावला. "पट्टी काढण्याआधी मला विचारायचंस तरी!"

"चूक माझीच," डॉक्टर म्हणाले. "रमजानात काय करायचं, ते मीच सांगायला हवं होतं."

"अम्मी, माझी दुआ फुकट गेली?"

सलिमानं मला उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. "फुकट कशी जाईल? अल्लानं ती आधीच ऐकली होती, पोरी. उगीच का ही तुझ्या तोंडात आली?"

डॉक्टरांनी माझ्या तारा सैल केल्या, कडा घासल्या. सगळं पहिल्यापासून करायचं होतं. दुखणार होतं, तिला ठाऊक होतं. ताहेरानं डोळे मिटले आणि आ केला.

मित्रांनो, आता मी डॉक्टरांच्या खणात पडून असते. ताहेराचा जबडा वाढला, तिला नवी पट्टी मिळाली, ती बोलू लागली. मला एकच गोष्ट अजून खुपते. टाळूचं भोक मला झाकता आलं, पण तुमच्यासारख्यांच्या हसण्याला भिऊन मिटलेलं तोंड मला उघडता येत नव्हतं. तिला कुणी हसलं नसतं, तर रोज्यात मला काढायचं का, हे तिनं आईला विचारलं असतं.