वाटाण्याचा डबा

माझी वहिनी इस्पितळात एक्स-रे विभागात मदतनीस आहे. पेशंटला आत न्यायचं, टेबलावर झोपवायचं, बाहेर आणायचं. तंत्रज्ञ व्हायच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा तोंडीत, आणि तिसरी संधी शेवटची होती. मनगटातली आठ हाडं विचारली की तिची दातखीळच बसायची.

मी शाळेतल्या मुलांसाठी शैक्षणिक खेळ बनवते, आणि त्याचा तोराही मिरवते. म्हटलं, घोकंपट्टी बंद! पुठ्ठ्यावर आमचं स्वयंपाकघर काढलं. फासा टाकायचा, सोंगटी थांबेल तिथलं हाड सांगायचं. ल्युनेट चंद्रकोरीसारखं, म्हणून ते मगाच्या कानावर. हॅमेटला हुकासारखा आकडा असतो, म्हणून ते फडक्याच्या खुंटीवर. पिसिफॉर्म वाटाण्याएवढं, ते वरच्या फळीवर वाटाण्याच्या डब्यात. चुकलं की एक भांडं घासायचं. आईही रोज खेळायला बसायची आणि बिनदिक्कत फासा उलटवायची. महिन्याभरात वहिनी डोळे मिटून स्वयंपाकघरात फिरत आठही हाडं सांगू लागली.

परीक्षेच्या सकाळी ती चहा करायला गेली आणि दारातच थिजली. सून दमून येईल, तिला घर नीटनेटकं दिसावं, म्हणून आईनं भल्या पहाटे उठून सगळं स्वयंपाकघर आवरलं होतं. एकही वस्तू जागेवर नव्हती.

"गेलं हो सगळं, ताई," म्हणत वहिनी मटकन खाली बसली.

माझा पारा चढला. "आई, अगं आजचाच मुहूर्त सापडला तुला?"

आईचा चेहरा उतरला. मला लगेच वाईट वाटलं, पण कबूल कोण करणार? आईनं मात्र वहिनीचा हात धरला आणि तिला आत नेलं.

"चल, एक डाव खेळू. हा मग तिथून उचलला, इथं ठेवला. याच्या कानाला काय लटकलंय?"

"ल्युनेट."

"आणि वाटाण्याचा डबा? फ्रिजवर, माझ्या गोळ्यांशेजारी. पिसि... पिसिफॉर्म!"

मला मावशीच्या नावानं हाका मारणारी माझी आई आठही हाडं घडाघडा म्हणत होती. 

दुपारी फोन वाजला. मी झडप घालून उचलला.

"ताई, आधी आईंना द्या."

खेळ माझा, आणि फोन आईला! जरा झोंबलंच. तरी स्पीकर लावला. वहिनी हसत होती की रडत होती, कळेना. "आई, सात सांगितली आणि अडकले. सर म्हणाले, आठवं कुठाय? मी म्हटलं, एक मिनिट सर, सासूबाईंनी ते हलवलंय. मग तुमच्या गोळ्या आठवल्या. पास झाले, आई!"

 आई नुसती डोळे पुसत राहिली. मला इतका आनंद झाला की काहीतरी करायला हवं म्हणून मी फ्रिजवरचा डबा उचलला आणि वरच्या फळीवर ठेवायला निघाले.

"ए, हात लावू नकोस," आई ओरडली. "राहू दे तिथंच. ती जागा सूनबाईची आहे आता."