मला भट्टीजवळ खाली ठेवलं त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. किती जुना, ते विचारू नका. वजनाला भरभक्कम आहे, सुरू होताना जरा खाकरतो, आणि माझ्या कपाळावरचा लाल दिवा बरीच वर्षं गेलेला होता. त्या दिव्याचीच ही गोष्ट आहे, म्हणून नीट ऐका.

माझी उमेदीची वर्षं एका बातम्यांच्या ऑफिसात गेली. पूर, आगी, सभा, सामने, काय काय पाहिलं म्हणून सांगू! लोक मला तळहाताच्या फोडासारखं जपायचे. मग एकदा जिन्यावरून घरंगळलो. डोळा वाचला, दिवा गेला. आता दिवा म्हणजे माझी जीभच हो. तो पेटला की समजायचं, मी रेकॉर्डिंग करतोय. विझला की मी गप्प. पण 'होईल सावकाश' म्हणत प्रत्येकाने ते काम पुढे ढकललं. तोवर नवे चकचकीत कॅमेरे आले आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथे मी धूळ खात पडलो.

तिथून मला उचललं धाकटीने. घरातले तिला याच नावाने हाक मारतात, मग मी वेगळं नाव कशाला घेऊ? ती माहितीपट करते. पाठीशी कंपनी नाही, साहेब नाही. ती चित्रण करते आणि तिची ताई घरी बसून एडिटिंग करते. दुकानातले चष्मेवाले काका तिला एक नवा, हलका कॅमेरा दाखवत होते. अंधारातही काय सुंदर दिसतं म्हणून त्याची तारीफ चालली होती. धाकटीने एकच विचारलं, काच वितळवायच्या भट्टीसमोर हा टिकेल का? काकांनी मान खाजवली आणि खरं ते सांगितलं. तो तापला की आपोआप बंद पडायचा. मग त्यांनी फळीवरून मला खाली काढलं. दिवा गेलाय हेही लपवलं नाही, ठेवून जा, बसवून देतो म्हणाले. धाकटी म्हणाली, दिव्याचं नंतर बघू. झालं! पुन्हा तेच.

भट्टी होती तिच्या बाबांच्या कारखान्यातली. बाबा लांब पोकळ नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन, फुंकून तिच्या बरण्या करायचे. उभा जन्म त्यांनी तेच केलं. आता कारखाना बंद होणार होता. भट्टी एकदा गार झाली की आतली काच वितळवायची मातीची कुंडं तडकतात, ती पुन्हा पेटवता येत नाही. म्हणजे त्या शेवटच्या दिवशी धाकटीच्या हातून जे सुटेल ते कायमचं सुटणार होतं. बरं, बाबा एरवी चांगले गप्पिष्ट, पण माझ्यासमोर आले की त्यांचं लाकूड व्हायचं. 'हं', 'बरं', 'असंच असतं', यापुढे गाडी सरकायचीच नाही.

त्या दिवशी सकाळी धाकटीने जाड हातमोजे चढवले आणि तिथेच घोटाळा झाला. हातमोज्याचा अंगठा माझ्या बटणावर दाबला गेला आणि मी चालू झालो. तिला पत्ताच नाही! दिवा असता तर पहिल्याच क्षणी कळलं असतं. माझ्या पडद्यावर एक लाल ठिपका येतो खरा, पण भट्टीच्या उजेडात सगळा पडदाच लालभडक, त्यात ठिपका कुठला दिसतो? मग तिने 'चालू' म्हणून बटण दाबलं आणि मी बंद झालो. 'बंद' म्हणून दाबलं आणि मी चालू. दिवसभर हेच. बाबांनी शेवटची मोठी बरणी फुंकली, सगळे कामगार भोवती गोळा झाले, एकाने डोळे पुसले. धाकटी जीव ओतून चित्रण करत होती आणि मी ठार बंद. मला इतकं वाईट वाटत होतं म्हणून सांगू! पण जीभ नसलेल्याने ओरडायचं कसं?

कामगार चहाला गेले. धाकटीने समाधानाने बटण दाबलं आणि मला बाकावर ठेवलं, तेही तिरकं. कुंडाच्या तळाशी थोडी काच उरली होती. बाबांनी तिला जवळ बोलावलं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने ताईला सांगितलं, "सगळं मिळालं गं. फक्त खरी गोष्ट तेवढी राहिली. तेव्हा कॅमेरा खाली ठेवला होता."

दुसऱ्या दिवशी ताईने तिच्या शिस्तीप्रमाणे माझ्या कार्डातलं सगळं आधी दोन ठिकाणी उतरवून घेतलं. मग दोघी बघायला बसल्या. पहिल्या क्लिपमध्ये धाकटीच्या चपला. दुसरीत फरशी. तिसरीत कुणाचा तरी खिसा आणि त्यात खोचलेलं फडकं. बरणी नाही, बाबा नाहीत. धाकटीच्या लक्षात आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आधी ती स्वतःवर चिडली, मग माझ्यावर, मग टेबलावर डोकं ठेवून रडली. पुसून टाक हा कचरा, म्हणाली.

"पुसायचं नाही," ताई म्हणाली. "कापायच्या आधी सगळं बघायचं. नियम म्हणजे नियम."

आणि मग ती तिरकी क्लिप आली. कोपऱ्यात भट्टीचं तोंड, आणि समोर दोन पाठी, एक रुंद, एक लहान. बाबा धाकटीच्या ओठांशी नळी धरत होते. त्यांचा आवाज स्वच्छ येत होता. माझे कान अजून तिखट आहेत.

"गाल फुगवू नकोस, पोटातून फुंक. अशी... हळू." नळीच्या टोकाशी एक वेडावाकडा फुगा धरला. बाबा हसले. मग म्हणाले, "भाजाल म्हणून तुम्हा दोघींना कधी इथे जवळ येऊ दिलं नाही मी. म्हणून तुला लांबूनच बघायची सवय लागली, नाही का?"

ताईने क्लिप थांबवली. ती तर भट्टीपाशी कधीच गेली नव्हती. मग तिने तेवढंच वाक्य पुन्हा लावलं, आणि या वेळी दोघी रडल्या.

माहितीपट त्यातूनच झाला. चपला, फरशी, खिसा, आणि वरून, कॅमेरा बंद आहे असं समजून बोलणाऱ्या बाबांचा आवाज. शेवटी ती तिरकी क्लिप, अख्खी, एकही काप न देता. बाबांनी मान वाकडी करून ती पाहिली आणि म्हणाले, कॅमेरा सरळ ठेवायला काय झालं होतं? पण डोळे पुसायला त्यांनाही फडकं लागलं. माझं बटण बरोबर पडलं असतं ना, तर त्या चित्रात धाकटी कधीच आली नसती. ती माझ्या मागेच राहिली असती.

चष्मेवाल्या काकांनी आता माझा दिवा बसवून दिलाय. माझ्या फळीवर शेजारी धाकटीने त्या दिवशी फुंकलेलं ते वेडंवाकडं काचेचं भांडं आहे, त्यात माझं झाकण ठेवतात. म्हणून सांगतो मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या बारीकसारीक दुखण्यांकडे काणाडोळा करू नका. एक साधा दिवा, पण तो नसला की माणसाचा दिवस वाया जातो. दर वेळी नशीब असं हात देत नाही.

बाबा अजूनही मधूनच खोलीत डोकावतात. मी धाकटीच्या हातात असलो की म्हणतात, "ठेव तो खाली, आणि इकडे ये." ती मला खाली ठेवते. आधी वाकून दिवा बघते, तो विझलाय याची खात्री करते, आणि मगच जाते. पुढे काय बोलणं होतं ते मला ठाऊक नाही. आणि खरं सांगू? बरंच आहे ते.