वेखंडाची कांडी

"ये गड्ढा भरवा दीजिए, मैडम. और ये घास भी निकलवा दीजिए." क्वार्टर तपासायला आलेल्या बाबूनं बुटाच्या टोकानं तळ्याची कड टोकरली.

"घास नहीं है. पैर हटाइए," सुमन म्हणाली.

बाबूनं पाय काढला. फॉर्ममधली ओळ काही काढली नाही. लॉन मिळालं तसं परत द्यायचं. शनिवारपर्यंत.

चंडीमंदिर छावणीतलं हे क्वार्टर तिचं चौदावं घर. आधीच्या तेरा घरांत झाडं हिनं लावली आणि फुलं दुसऱ्यांनी तोडली. बदलीच्या नोकरीत बायकोनं कुंडीत जगावं, हे कुणी लिहून देत नाही, पण पाळायला लावतात. इथं तर कर्नल नवरा सदा ड्यूटीवर, लेक कश्मिरा लग्न होऊन बंगळुरूला, बोलायला भिंती. मग हिनं फावडं घेतलं आणि चटईएवढं तळं खणलं. सामान बांधायची ताडपत्री तळाला अंथरली. कडेनं, पाण्याखाली चार बोटांवर, चिखलाची पायरी केली आणि आईनं गुहागरहून ओल्या फडक्यात बांधून दिलेली वेखंडाची कांडी तिच्यात रोवली. वेखंडाला पाय पाण्यात लागतात आणि डोकं उन्हात.

पहिल्याच थंडीत पाती पिवळी पडून कुजली. गेलं, म्हणून ती तिकडे फिरकलीच नाही. मार्चमध्ये चिखलातून हिरवी टोकं वर आली, तेव्हा ही बाई कडेला बसून एकटीच रडली. आपण लावलेलं दुसऱ्या वर्षी परत आलेलं तिनं जन्मात पहिल्यांदा बघितलं होतं.

आता तिसरा मार्च. जूनमध्ये कश्मिराचं बाळ येणार. कांड्या खणायच्या, वाळवायच्या, पूड करायची, बाळाला न्हाऊ घातलं की अंगाला चोळायची. कश्मिराला आजीनं चोळली होती तशीच. तिनं फोन लावला.

"मम्मा, प्लीज यार! डॉक्टर ने पाउडर-वाउडर सब मना किया है."

"बरं, नाही लावत. मी नुसती येते."

"आप क्यों परेशान होंगी? नर्स पक्की हो गई है. आप पहले जोधपुर में सेट हो जाओ ना."

जोधपूर. पुढची बदली. वाळूत वेखंड लावून दाखवा म्हणावं.

संध्याकाळी कर्नल विजयकुमार चहाला बसले. "भरलास का तो खड्डा?"

"तुम्हीच भरा की. तीन वर्षांत एकदा तरी कडेला टेकलात?"

"अगं, गवतावरून काय भांडतेस? ट्रकमध्ये चिखल नेता येतो का?"

"मग मला तरी कशाला नेताय?"

ते चहा ढवळत राहिले. या माणसाला आठशे जवान सांभाळता येत होते.

शुक्रवारी तिनं मजूर परत पाठवला आणि तळं स्वतः भरलं. पाती उपटताना तो उग्र, बाळंतिणीच्या खोलीतला वास हातांना लागला. साबणानं गेला नाही.

शनिवारी साहेब ऑफिसात, म्हणून सही तिची. बाबूनं लॉनवर दोनदा पाय आपटून बघितला. "एकदम पहले जैसा, मैडम! यहाँ साइन कर दीजिए."

तिनं उजव्या हातानं सही केली. डाव्या मुठीतल्या फडक्यातून एक थेंब कागदावर पडला आणि 'सुमन'मधला 'न' फुटला.

"इसमें क्या है, मैडम?"

तिनं मूठ पदराआड घेतली.

"घास."