चौकटीबाहेर राहिलेला प्रश्न

माझी पणजी मेणाची होती, आजी लाकडाची आणि आई प्लास्टरची. हे आधीच सांगते, कारण घराणे ठाऊक नसताना वस्तूची पारख करायला बसणे मला पसंत नाही. पणजी इतकी हुबेहूब, की पाहणाऱ्याला घाम फुटावा. पण उन्हाळा आला की तिलाच घाम फुटे आणि तिचे नाक हनुवटीच्या दिशेने निघे. आजी कणखर, परंतु तिला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचे तर चौघे लागत, आणि ते चौघेही मग कंबर धरून बसत. आई रूपाने उजळ, स्वभावाने ठिसूळ. कोणी जरा जोरात दार लावले तरी तिच्या कानाचा टवका उडे. या तिघींचे दोष टाळून जी घडवली, ती मी. कागदाच्या लगद्याची, वजनाला हलकी आणि अंगाने चिवट. मित्रांनो, मी एक जुनी शरीरप्रतिकृती आहे. मला डोके आहे, धड आहे, आणि धडाच्या आत माणसाला लागणारे सर्व काही आहे. हातपाय नाहीत, पण माझी कामे करायला नेहमी दुसरे कोणीतरी हजर असे, त्यामुळे त्यांची उणीव मला कधी भासली नाही. नीट बसा. मी हे एकदाच सांगणार आहे.

माझा जन्म एका कारागिराच्या लांबट खोलीत झाला. तो साच्यात ओल्या लगद्याचे थर चढवी आणि त्याची बायको वाळलेल्या अवयवांना रंग देई. दोघांचे अखंड खटके उडत.

"यकृत इतकं काळपट कशाला केलंस?" तो विचारी. "कोण बघेल त्याच्याकडे?"

"अहो, यकृत म्हणजे गुलाबाचं फूल नव्हे. ते असंच असतं. तुम्ही तुमच्या खुंट्या बघा, रंगाचं माझं मी बघते."

त्याने खुंट्या मात्र मन लावून बसवल्या. माझ्या पोकळीत प्रत्येक अवयवासाठी एक खुंटी होती आणि त्या अवयवाच्या पाठीला तिच्याच मापाचे छिद्र. हृदय हृदयाच्या खुंटीवरच बसे; दुसरीकडे नेले तर निसटून पडे. माझ्यात चूक करायला जागाच ठेवली नव्हती. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

तेथून मी परिचारिकांच्या विद्यालयात आले. विद्यालय इस्पितळाच्या मागच्या अंगाला होते. वर्गात पायऱ्यापायऱ्यांची बाके, काळा फळा आणि समोर उंच टेबल. त्या टेबलावर मी. शरीरशास्त्र शिकवीत थोरल्या बाई. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की वरच्या मजल्यावरच्या मुलींची वेणी आपोआप घट्ट होई.

बाईंची शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची होती. त्या माझ्या छातीचे झाकण काढीत, सारे अवयव उचलून टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर विस्कटून ठेवीत आणि एखादीला पुढे बोलावीत. मग प्रश्न सुरू. फुप्फुसे दोन्ही सारखी का नाहीत? पित्ताशय कोणाच्या आडोशाला बसलेले असते? अन्न जठरातून निघाले की पुढचा मुक्काम कोणता? उत्तर देत देत मला पुन्हा पूर्ण करायचे. त्यात एक घोळ हमखास होई. मुलगी माझ्यासमोर उभी, म्हणजे तिचा उजवा तो माझा डावा. हे विसरून ती बेधडक म्हणे, "यकृत डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे?" बाई विचारीत. "तुझ्या की तिच्या? उद्या सुईसुद्धा स्वतःच्याच दंडात टोचून घेशील."

त्यावर बाईंनी उपाय काढला होता. तोंड उघडण्यापूर्वी माझ्या उजव्या खांद्याला हात लावायचा आणि मगच उत्तर द्यायचे. इतक्या मुलींनी हात लावले, की त्या खांद्याचा रंग झिजून आतला कागद दिसू लागला. मुली मला आत्याबाई म्हणत. परीक्षेच्या दिवसांत वर्गाबाहेरून जातानासुद्धा आत डोकावून म्हणत, "आत्याबाई, सांभाळून घ्या हो."

बाई कडक होत्या, पण खोट्या नव्हत्या. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांना जागच्या जागी देता येत नसे, तो त्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहीत आणि त्याभोवती चौकट आखीत. "हे माझं देणं," असे म्हणत. उत्तर सापडेपर्यंत तो कोपरा कोणी पुसायचा नाही. एकीची जांभई पाहून दुसरीला जांभई का येते, हा प्रश्न तेथे इतका काळ राहिला की तो वाचूनच मागच्या बाकावर जांभया सुरू होत.

अशा वर्गात टाचणी आली. हे मुलींनी ठेवलेले नाव. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि आई शिवणकाम करणारी. दुसरे नाव कोणाला सुचलेच नाही. पहिल्याच वर्षी, सुट्टीहून परतल्यावर, ती वर्गात उभी राहिली.

"बाई, मी घरी आईचे ठोके ऐकले. ते उजवीकडे लागतात. असं असू शकतं का?"

वर्गात हशा पिकला. बाईंच्याही ओठांच्या कडा हलल्या.

"खांद्याला हात लावला होतास?"

"लावला होता. तिच्याच उजव्या."

"समोर बसून ऐकलंस ना? मग झालं. सगळ्यांचं पहिल्या वर्षी तिथेच फसतं. बस खाली."

"पण हे कोपऱ्यात लिहायचं का, बाई?"

"चुकांना चौकट नसते," बाई म्हणाल्या आणि पुढच्या धड्याकडे वळल्या.

टाचणी खाली बसली. त्यानंतर तिने वर्गात प्रश्न म्हणून विचारला नाही. विचारलेल्याचे उत्तर चोख देई, पण आपण होऊन चकार शब्द काढीत नसे. तिची टोके बोथट झाली, असे मुली म्हणत. मला मात्र ती तशी झाल्याचे बघवत नसे.

पुढे माझ्या जागी प्लास्टिकची नवी प्रतिकृती आली. गोरीपान, तुकतुकीत, पण तिचे अवयव एकसंध ओतलेले. ती नुसती बघायची, उघडायची नाही. "धुता येते," हे तिचे मोठे कौतुक. मला कपाटाच्या माथ्यावर चढवले, तेही तोंड भिंतीकडे करून. माझ्या आतड्यात कोणीतरी खडूचे तुकडे साठवले. मित्रांनो, ज्या घराण्यातल्या बायकांकडे लोक माना उंचावून पाहत, त्या घराण्यातल्या लेकीची ही गत झाली.

टाचणीच्या शेवटच्या वर्षी एका सकाळी बाई तोंडी परीक्षेचा सराव घेत होत्या. टाचणी उशिरा आली आणि दारातच थांबली.

"बाई, आज मला सुट्टी हवी. आईला दाखल केलंय."

"काय झालं?"

"पोटात दुखतंय. आधी बेंबीभोवती दुखत होतं, आता डावीकडे खाली आलंय. ताप आहे, उलट्या आहेत. डॉक्टर म्हणाले, उजवीकडे असतं तर लगेच ॲपेंडिक्स म्हटलं असतं. डावीकडे आहे, तर संध्याकाळपर्यंत वाट बघू."

बाईंच्या हातातला खडू थांबला.

"पहिल्या वर्षी तू आईबद्दल काहीतरी म्हणाली होतीस."

"ती माझी चूक होती, बाई."

"चूक का बरोबर, ते मी विचारत नाही. काय म्हणाली होतीस?"

"ठोके उजवीकडे लागतात, म्हणून."

"त्यानंतर पुन्हा ऐकलेस?"

"दर सुट्टीत ऐकते. उजवीकडेच लागतात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

या प्रश्नाचे उत्तर वर्गातल्या प्रत्येकीला ठाऊक होते, आणि बाईंनाही.

"आत्याबाईंना खाली घ्या," बाई म्हणाल्या.

दोघींनी मला उतरवले. बाईंनी माझे झाकण काढले, हृदय उचलले आणि उजव्या बाजूला टेकवून पाहिले. ते निसटले. यकृत डावीकडे धरले, तेही बसेना. जठर, आतडी, शेवटी ॲपेंडिक्सचे ते करंगळीएवढे टोक डावीकडे खाली आणले. सगळे हाताने धरून ठेवावे लागत होते. आयुष्यात प्रथमच मला माझ्या खुंट्यांची लाज वाटली.

"हिच्यात बसत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पण तुझी आई काही साच्यातून काढलेली नाही. चल माझ्याबरोबर."

त्या दिवशी बाई जिना अक्षरशः धावत उतरल्या. धावत्या चपलांचा तो आवाज मुलींनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

पुढचे मला मुलींच्या बोलण्यातून कळले. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना आईचे ठोके डावीकडे क्षीण लागले होते. त्यांनी दोष वॉर्डातल्या गलबल्याला दिला होता. बाईंनी ठोके ऐकायची नळी उजवीकडे ठेवली आणि तिची टोके डॉक्टरांच्या कानांना लावली. त्यांचा चेहरा उतरला, पण मन मोठे. "चला, आधी फोटो काढू," एवढेच म्हणाले. छातीच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसले. दुपारच्या आत शस्त्रक्रिया झाली. ॲपेंडिक्स फुटण्याच्या बेतात होते. संध्याकाळची वाट पाहिली असती, तर टाचणीला आई राहिली नसती.

आई हिंडूफिरू लागल्यावर बाईंनी तिला वर्गात बोलावले आणि खुर्ची दिली. मला टेबलावर मूळ जागी ठेवले. मग बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात टाचणीचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला आणि त्याभोवती चौकट आखली.

"हा प्रश्न हिने पहिल्या वर्षी विचारला होता," बाई म्हणाल्या. "मी तो लिहिला नाही, वर हसले. चूक हिची नव्हती, माझी होती. आता उत्तर ऐका. होय, असं असू शकतं. काही थोड्या माणसांत जन्मापासूनच सगळे अवयव आरशात पाहिल्यासारखे उलट बाजूंना असतात. पुष्कळदा त्याचा काही त्रास होत नाही, म्हणून कळतही नाही. पण दुखणं आलं, की ते भलत्या बाजूला दिसतं."

मग एकेक मुलगी पुढे आली आणि आईचे ठोके उजवीकडे ऐकून गेली. ज्या तेव्हा सर्वांत मोठ्याने हसल्या होत्या, त्यांनी सर्वांत जास्त वेळ ऐकले.

"आयुष्यभर लोकांची मापं घेतली," आई म्हणाली. "आता तुम्ही माझं घ्या. पण काय गं पोरींनो, यात माझं काही उसवलेलं तर नाही ना?"

"काही नाही, ताई," बाई म्हणाल्या. "शिवण पक्की आहे. फक्त कापड उलटं बेतलंय."

मित्रांनो, तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. मला पुसून ठेवा, ओलीपासून जपा, माझ्या पोटात खडू कोंबू नका. पण त्याहून अधिक जपा तो समोर उभा राहिलेला प्रश्न. माझा झिजलेला रंग पुन्हा देता येतो. हसून खाली बसवलेले माणूस पुन्हा उभे करायला फार कष्ट पडतात.

मुली गेल्या. आई टाचणीचा हात धरून उठली. बाई फळ्यापाशीच उभ्या होत्या.

"टाचणी, तुझं माझ्याकडे आणखी काही राहिलंय?"

टाचणीने थोडा विचार केला. उगाच नाही म्हणणाऱ्यांपैकी ती नव्हती.

"एक राहिलंय, बाई. आई उलटी, मग मी सरळ कशी?"

बाईंनी खडू उचलला आणि टाचणीला बाकावर बसायला सांगितले. आईलाही. आईबापांकडून काय काय येते, काय येत नाही, एखादी गोष्ट आईत उमटून लेकीत न उमटता कशी राहते, हे त्या फळा भरेस्तोवर समजावीत राहिल्या. मध्येच टाचणीने दोनदा अडवले, आणि दोन्ही वेळा बाई मागे येऊन पुन्हा सांगू लागल्या. जेथपर्यंत ठाऊक होते तेथपर्यंत त्यांनी सांगितले, आणि "याच्या पुढचं अजून मलाही माहीत नाही" हेसुद्धा सांगितले.

"आता?" त्यांनी विचारले.

"आता सगळं मिळालं, बाई," टाचणी म्हणाली.