चाळिसाव्याचं पाणी

बाबांच्या चाळिसाव्याला, ते गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, दोनशे माणसं येणार होती, आणि त्याच सकाळी नळाला गढूळ पाणी आलं.

पहाटे वर कुरणांकडे जोराचा पाऊस झाला होता. मेंढरं नुकतीच वर गेलेली. त्यांची घाण धुऊन झऱ्यात उतरली असणार. गावाची टाकी बाबांनी बावीस वर्षं सांभाळली. त्यांचा नियम साधा होता: पाणी गढूळ दिसलं की झडप बंद. गाळात क्लोरीन नीट लागू पडत नाही. ते आजारी पडल्यापासून टाकीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती.

अंगणात कालच्या पाण्यात घोड्याचं मांस शिजत होतं. माझ्या हातात किल्ली पाहून दूरोनबेक काका, बाबांचे थोरले भाऊ, आडवे आले.

"कुठे निघालीस, नुरझादा?"

"झडप बंद करायला."

"आज? माझ्या भावाच्या, कासिमालीच्या घरून पाहुणे कोरड्या घशाने परत जाणार? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. हे पाणी सगळ्या गावात जातंय, काका. घराघरांत पोरं पितात."

"वाहतं पाणी सात दगडांवरून लोळलं की शुद्ध होतं. आमचे आजोबा तेच पिऊन नव्वदीला पोचले."

"आणि त्यांची पाच भावंडं?"

काकांनी वाट सोडली. त्या पाचांची वीतभर थडगी टेकडीवर आहेत. बाबांनी आपली जागा त्यांच्याशेजारी मागून घेतली होती.

मी चढ चढून गेले. झडपेच्या चाकाला बाबांनी हिवाळ्यासाठी गुंडाळलेली लोकरीची पट्टी अजून होती. तिच्यावरून हात फिरवला आणि चाक आवळलं.

खाली आले तेव्हा गावातले नळ कोरडे पडले होते. पाहुणे उतरू लागले होते आणि चहाचं पाणी उकळायचा मोठा सामोवार रिकामा होता. काका माझ्याकडे बघत नव्हते.

फाटकातून गावातल्या काकू, बुरुलचा, आल्या. बाबांच्या पाण्याला इस्पितळाचा वास येतो, असं त्या आयुष्यभर म्हणत आल्या. त्यांच्या हातात झाकणाचं मोठं भांडं होतं.

"घे. उकळलेलं आहे. पाणी उकळ, झाकून ठेव, दोन दिवसांचं शिलकीत ठेव, म्हणून तुझ्या बापाने डोकं खाल्लं माझं. पाणी वास मारायचं मेलं, पण त्याचं ऐकावं लागायचं."

"आणि ओगराळं?"

"आणलंय. लांब दांड्याचं. हात बुडवला तर कबरीतून उठून येईल तो."

त्यांच्यामागे शेजारीण होती, तिच्यामागे तिची सून, मग वरच्या आळीतल्या बायका. प्रत्येकीजवळ झाकलेलं भांडं. बाबांनी दारोदार फिरून शिकवलेलं मला माहीत होतं. कुणी ऐकलं होतं की नाही, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

सामोवार भरला. काकांनी चहाची पहिली वाटी स्वतः ओतली आणि दूरच्या गावाहून आलेल्या म्हाताऱ्याला दिली. त्याने घोट घेऊन विचारलं, "तुमचे नळ तर बंद दिसले. पाणी कुठलं?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कासिमालीचं," ते म्हणाले, आणि दुसरी वाटी भरायला वळले.