ढावलोला वाद्य नसतं
कॉलेजच्या नीलांबरी मॅडमचा मेसेज आला तेव्हा बँडमधले तिघंही खेमाच्या जीपमध्येच होते. जीप सेनगावच्या स्टँडबाहेर उभी होती, सीटा भरायच्या होत्या. अनिरुद्धसरांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचून दाखवलं. हिंगोलीला स्नेहसंमेलनात दुपारच्या सत्रात ‘सेनगाव ब्लूज’चा कार्यक्रम ठरला होता. पत्रिकेसाठी प्रत्येक कलावंताची सांगीतिक पार्श्वभूमी हवी होती, चार-पाच ओळींत.

“पार्श्वभूमी म्हंजे?” खेमानं विचारलं.

“म्हणजे गाणं-बजावणं आपल्याकडं कुठून आलं ते,” सर म्हणाले.

हा बँड जमला तोच मुळी या जीपमध्ये. अनिरुद्धसर सेनगावात कारकून, राहायला हिंगोलीत. रोज पुढची सीट त्यांची. सवाऱ्यांची वाट पाहताना खेमाची बोटं दाराच्या पत्र्यावर चालायची. सहा वर्षांपूर्वी एके दिवशी सरांनी विचारलं, “हा ठेका कुठला रे?” खेमा ओशाळला. “कुठला न्हाई सर. हाताला खोड हाये.” दुसऱ्या दिवशी सर गिटार घेऊन जीपमध्ये बसले. त्यांनी एक संथ, जड पावलांची चाल वाजवली आणि सांगितलं, याला ब्लूज म्हणतात, अमेरिकेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं. कापूस म्हटल्यावर खेमाला ते गाणं परकं वाटेना. रामकिशनभाऊ मागच्या सीटवरून ऐकत होते. आठवडी बाजारांत बांगड्या-टिकल्या विकणारा हा माणूस. त्यांनी गाठोडं सोडलं, बांगड्यांच्या खोक्याखालून क्लॅरिनेट काढलं आणि सेनगाव ते हिंगोली वाजवत आले. त्या दिवशी एकाही सवारीनं ‘लवकर हाण’ म्हटलं नाही.

आता मेसेजला उत्तर द्यायचं होतं. सरांचं सोपं होतं. औंढ्याला त्यांचे वडील, नाना, चाळीस वर्षं भजनाला पेटी वाजवत आलेले. लहानपणी भाता सरांनी हाणायचा आणि सूर नानांनी धरायचे. पुढे नांदेडच्या हॉस्टेलात कुणाची तरी गिटार हाती आली. नानांनी ती ऐकून एवढंच म्हटलं होतं, “हिला श्वास न्हाई रे, पण बोलते बराबर.” रामकिशनभाऊ वसमतच्या लग्नाच्या बँडमधले. लाल कोट, सोनेरी झुबके. वरातीपुढं ते वाजवायला लागले की बायका ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. मग डीजे आले, मालकानं कोट गाठोड्यात बांधले आणि भाऊ बांगड्या विकू लागले. 

“खेमा, तुझं सांग,” सर म्हणाले.

“माझं कायी न्हाई. तसंच लिवा.”

“फुलसिंगचा पोरगा असून?” भाऊंनी मागून विचारलं.

 फुलसिंग खेमाचा बाप. होळीला तांड्यावर लेंगी गायची ती फुलसिंगच्या नगाऱ्यावर. पण बाप जिवंत असताना खेमानं त्याच्याकडून काही घेतलं नव्हतं. शाळेतली पोरं तांड्याच्या नाचगाण्याची नक्कल करायची, तेव्हापासून होळी आली की तो मामाच्या गावाला निघून जायचा. बाप एकदाच म्हणाला होता, “बस जरा माज्यापाशी.” खेमा बसला नव्हता. बाप जाऊन बारा वर्षं झाली होती. शिकलोच नाही ते पत्रिकेत काय म्हणून छापायचं?

संध्याकाळी तांड्यावर त्याची आई, नानीबाई, अंगणात तुरी पाखडत होती. घरात बोली बंजाऱ्यांची गोरमाटी, आईला हाक याडी. खेमा शेजारी बसून खडे वेचू लागला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “याडी, बा नगारा कोणाकडून शिकला?”

“काहून इचारतो आज?”

“कॉलेजवाले इचारून राहिले.”

नानीबाईनं सूप खाली ठेवलं. “त्याला कोणी शिकवलं न्हाई. माज्या लग्नापस्तोर त्याच्या हातात नगारा नवताच.”

मग तिनं सांगितलं. सासरी निघायच्या वेळी ती एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होती. आई, काकी, मैत्रिणी. नवरीनं रडत रडत गायचं ते गाणं, त्याला ताल नसतो आणि वाद्यही नसतं. श्वास जिथं तुटेल तिथं ओळ तुटते. आणि मध्येच तिला ठकठक ऐकू आली. नवरदेव बैलगाडीपाशी उभा होता आणि बोटांनी गाडीच्या चाकावर वाजवत होता. हळू. तिची ओळ तुटली की थांबायचा, तिनं दम घेतला की पुन्हा लागायचा. त्याच्या भावांनी त्याला हसून हसून बेजार केलं. ढावलोला वाजवणारा नवरदेव कुणी पाहिलेला नव्हता.

“मला लई राग आला होता,” नानीबाई म्हणाली. “मी रडून राहिली आन् ह्यो वाजवून राहिला. गाडीत बसल्यावर म्हनला, तू एकटीच रडत होती, बरं न्हाई वाटलं. त्या सालच्या होळीला त्यानं नगारा धरला.”

“मला कधी सांगितलं न्हाई.”

“तू कुटं बसत होता त्याच्यापाशी?” तिनं हे रागानं म्हटलं नाही. सूप उचललं आणि पुन्हा पाखडू लागली. खेमाच्या हातातले खडे हातातच राहिले.

त्यानं सरांना फोन करून बापाबद्दल आणि गाडीच्या चाकाबद्दल दोन ओळी सांगितल्या. सरांनी त्या लिहून घेतल्या आणि एकदा वाचून दाखवल्या.

कार्यक्रमाला नानीबाई आली. मिनानं, खेमाच्या बहिणीनं, तिला हट्टानं आणलं. तिसऱ्या रांगेत तिच्या शेजारी सरांची बायको कालिंदी बसली होती. दोघींची ओळख नव्हती. पोरांचा गोंगाट होता, मागं शिट्ट्या चालू होत्या. पहिली दोन गाणी जोरात झाली. तिसऱ्याला सरांनी तीच संथ चाल धरली, जी त्यांनी सहा वर्षांपूर्वी जीपमध्ये वाजवली होती. रामकिशनभाऊंनी क्लॅरिनेट खालच्या सुरात लावलं. खेमानं काड्या ठेवून दिल्या आणि बोटांनीच ड्रमच्या कडेवर वाजवू लागला. सूर तुटला की थांबायचं, दम आला की लागायचं.

नानीबाई मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं डोक्यावरची ओढणी पुढं घेतली, शेजारच्या कालिंदीच्या गळ्यात हात टाकला आणि ढावलो म्हणू लागली. आवाज मोठा नव्हता. पण पुढच्या रांगा वळल्या, मग मागच्याही. बापाच्या अंगणातली माती अजून पायाला आहे, ती झटकून कशी जाऊ, असं काहीतरी ती गोरमाटीत म्हणत होती. कालिंदीला एक शब्द कळत नव्हता. आधी ती आक्रसून बसली. मग तिचा हात आपसूक नानीबाईच्या पाठीवर गेला आणि तिला रडू फुटलं, अगदी नाक लाल होईस्तोवर.

मंचावर सरांनी खेमाकडं पाहिलं. खेमानं मान हलवली: थांबू नका. ते वाजवत राहिले, आईच्या दमाच्या मागं मागं. खेमाला त्या घटकेला बापाचा चेहरा आठवत नव्हता, फक्त हात आठवत होते, मनगटाला नगाऱ्याच्या वादीचा वळ असलेले. नानीबाई थांबली तेव्हा तेही थांबले.  टाळ्या वाजल्या तेव्हा ती ओढणीनं तोंड पुसत मिनाला विचारत होती, “चहा कुटं भेटल?”

पंधरा दिवसांनी कालिंदी सरांच्या मोटारसायकलवर तांड्यावर आली. सर आणि खेमा बाजेवर बसले. कालिंदी नानीबाईसमोर मांडी घालून बसली. तिनं वही आणली होती.

“मला ते गाणं शिकवा, आजी.”

“वही ठेव आत.” नानीबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. “गाणं मागून. अगोदर सांग, कोणाच्या गळ्यात पडायचं हाये तुला?”

 कालिंदी हट्टा गावची, आई लहानपणीच गेलेली. सरांना वाटलं, ती वडिलांचं नाव घेईल.

“थोरल्या वहिनीच्या,” ती म्हणाली. “तिनंच मला वाढवलं. मी निघाले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. पाहुण्यांच्या पंगती चालल्या होत्या, तिला बाहेर येताच आलं नाही.”

“नाव काय तिचं?”

“संगिता.”

नानीबाईनं आपला हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि तिला जवळ ओढलं. “मग म्हन,” ती म्हणाली. “संगिताबाईपासून सुरू कर.”